माझा माल, माझी गाडी, मग भाडंही माझंच



"मधला माणूस काढा, शेतकरी आपोआप सुधारेल" हे ऐकून ऐकून कान किटले आता. कृषी प्रदर्शन असो, गटाची बैठक असो, नाहीतर कुणा साहेबाचं भाषण असो, शेवट याच वाक्यावर. टाळ्या पडतात, चहा होतो, लोक घरी जातात. मी थेट विक्रीच्या विरोधात नाही. आमचा गटच ठाण्या-मुलुंडच्या सोसायट्यांना भाजी देतो. पण मधला माणूस काढल्यावर त्याच्या जागेवर जी गाडी येऊन उभी राहते, तिचा हिशोब कुणी मांडत नाही. आज तेवढाच मांडतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचा भाग ओतूरच्या बाजूचा. माळशेज उतरलं की मुरबाड, कल्याण, मग ठाणे. सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आमच्याच शिवारातले चार जण बुधवार-शनिवार शहरात माल नेतात. चौघांची गिऱ्हाइकं त्याच चार ठिकाणी: डोंबिवली, घोडबंदर रोड, मुलुंड, भांडुप. चौघांच्या चार पिकअप. एकाची २६ कॅरेट, दुसऱ्याची २०, तिसऱ्याची ३०, चौथ्याची २४. बेरीज १००. पिकअपचं जाऊन-येऊन भाडं आमच्याकडं सध्या ६,५०० रुपये बसतं, शहरात फिरणं धरून. म्हणजे चार गाड्यांचे २६,००० रुपये, कॅरेटला २६०, किलोला १३ रुपये. भाव २५ रुपये मिळाला तर शंभरातले ५२ रुपये गाडीनं खाल्ले. आता मला सांगा, कुठल्या आडत्यानं तुमच्याकडून शेकडा ५२ कापले होते?

त्या पिकअपमध्ये ६५ कॅरेट आरामात बसतात. चार गाड्या म्हणजे २६० कॅरेटची जागा, आणि त्यात माल १०० कॅरेटचा. बाकी माळशेजची हवा. हवा न्यायचं भाडं आपण भरतोय.

याहून गमतीची गोष्ट पुढं आहे. प्रत्येक गाडी चारही ठिकाणी थांबते. चार गाड्या, चार ठिकाणं, सोळा थांबे. एका थांब्याला गेट उघडून घेणं, वॉचमनची समजूत काढणं, गाडी लावायला जागा शोधणं, कॅरेट उतरवणं, पैसे-पावती यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. हाच माल मालकाप्रमाणं न भरता ठिकाणाप्रमाणं भरला, म्हणजे चौघांचा डोंबिवली आणि घोडबंदरचा माल एका पिकअपमध्ये आणि मुलुंड-भांडुपचा दुसऱ्या पिकअपमध्ये, तर दोन गाड्यांत काम होतं आणि थांबे होतात चार. सोळाचे चार! भाडं २६,००० चं १३,००० होतं, कॅरेटला १३०. यात नवं बियाणं नाही, नवं खत नाही, अनुदान नाही, ॲपसुद्धा नाही. फक्त कॅरेट कुणाच्या गाडीत चढलं एवढाच फरक. चार महिन्यांचा हंगाम धरा, आठवड्याला दोन खेपा, चौतीस खेपा होतात. वाचतात ४,४२,००० रुपये, चौघांत मिळून. कुठल्या पिकात एवढी खात्रीची वाढ मिळते ते कळवा, मी उद्याच लावतो.

मग हे होत का नाही? कारण "माझा माल, माझी गाडी" हा आपला मानाचा प्रश्न झालाय.

आपण ज्या बाजार समितीला शिव्या देऊन बाहेर पडलो, तिथं भाडं वाटून घेणं आधीपासून होतं. आठवा जरा. गावातला गाडीवाला संध्याकाळी शिवारातून फिरायचा. कुणाची दहा कॅरेट, कुणाची चार पोती, कुणाचा फ्लॉवरचा एखाददुसरा डाग. प्रत्येक डागावर शेतकऱ्याच्या आणि आडत्याच्या नावाची चिठ्ठी. एका गाडीत तीस-चाळीस शेतकरी. भाडं डागाप्रमाणं, पट्टीतून कापून यायचं. अजूनही वाशीला माल असाच जातो. तोलाईत गोंधळ होता, पट्टीत लबाडी होती, भाव रुमालाखाली ठरायचा, हे सगळं मान्य. पण गाडी भरून जायची! थेट विक्रीवाल्यांनी आडत्याचे दोष सोडले ते बरंच केलं, त्याच्याबरोबर त्याची भरलेली गाडीही सोडली. आडत्याकडून एवढं तरी शिकून निघायला हवं होतं.

सरकारनं २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. निर्णय चांगला. पण कायदा फक्त कुठं विकायचं ते मोकळं करतो. न्यायचं कसं ते कायद्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळं झालं काय, विक्री सुटी झाली आणि वाहतूकही सुटी झाली. विक्री सुटी व्हायला हवी होती, वाहतूक नाही.

आता कुणीतरी म्हणणार, दुधाचं कसं एकत्र जातं? बरोबर प्रश्न आहे. पाच लिटरवाला आणि पन्नास लिटरवाला दोघंही सकाळी डेअरीवर जातात, फॅट आणि एसएनएफ लागतं, दूध एका टाकीत जातं, टँकर भरून शहराकडं निघतो. पाच लिटर दूध घेऊन स्वतःची गाडी काढून कुणी ठाण्याला निघाला तर गाव त्याला वेड्यात काढेल. पण भाजीत तोच माणूस वीस कॅरेट घेऊन निघतो आणि गाव त्याला उद्योजक म्हणतं.

फरक एवढाच की दूध मिसळतं, भाजी मिसळत नाही. माझा टोमॅटो आणि तुझा टोमॅटो एका टाकीत ओतून फॅट लावता येत नाही. माझ्या गिऱ्हाइकाला माझाच माल पाहिजे असतो, आणि तुझ्या मालात डागी निघाला तर शिव्या मला नकोत. म्हणून दुधाचं उदाहरण अर्ध्या वाटेपर्यंतच चालतं. पुढचं उदाहरण डब्याचं घ्या.

मुंबईचे डबेवाले कुठले? मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर. आपलेच भाऊबंद. १८९० पासून हे काम चाललंय. डबा घरातून एक जण उचलतो, स्टेशनावर दुसऱ्याकडं जातो, लोकलच्या मालडब्यातून तिसरा नेतो, ऑफिसात चौथा पोचवतो. डबे मिसळत नाहीत, पण पाट्यावर सगळे एकत्र असतात. झाकणावर खूण असते, त्या खुणेत कुठून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरायचा, कुठल्या इमारतीत द्यायचा हे सगळं येतं. नेणारा विचारत नाही हा डबा माझ्या गिऱ्हाइकाचा की तुझ्या. टोळीची कमाई एकत्र करून वाटून घेतात. ज्या तालुक्यातली माणसं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ दुसऱ्याचा डबा डोक्यावर वाहतायत, त्याच तालुक्यात आम्हाला एक पिकअप वाटून घेता येईना. हसावं की रडावं?

तर आम्ही सात जणांनी गेल्या हंगामापासून खुणेची पद्धत लावली. खर्च एका रंगाच्या डब्याचा. कॅरेटच्या एका बाजूला शेतकऱ्याचा आकडा, दुसऱ्या बाजूला ठिकाणाचा रंग. पिवळा म्हणजे मुलुंड, निळा डोंबिवली. भरताना जे शेवटी उतरायचं ते आधी चढवायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण पहाटे अडीचला टॉर्चच्या उजेडात चुकतंच. म्हणून भरायला एकच माणूस, त्याच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही. कॅरेट सगळी एकाच मापाची. ज्याचं कॅरेट वेगळ्या मापाचं, त्याचा थर लागत नाही, वरचा थर डगमगतो आणि घाटाच्या वळणावर खालचा माल चेपतो. एकानं आग्रहानं जुनी लाकडी खोकी आणली होती, ती परत न्यायला लावली. चार दिवस बोलला नाही तो. नंतर बोलायला लागला.

भांडणं खरी तीनच विषयांवर होतात. एक, भाडं वजनावर की जागेवर? टोमॅटोवाला म्हणतो कॅरेटवर घ्या. कोथिंबीरवाला म्हणतो माझं वजन किती, मला एवढं भाडं का? माझं मत ठाम आहे: गाडीत आपण जागा विकत घेतो, वजन नाही. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या हलक्या, पण त्यांच्यावर काही ठेवता येत नाही. एका कॅरेटची जागा अडली की एका कॅरेटचं भाडं, आणि ज्यावर थर लावता येत नाही त्याला दीडपट. पालेभाजीवाल्यांना हे जड जातं, पण त्यांनाही कळतं की एकट्यानं पिकअप केली तर किती बसेल. उलट कोबीसारखा जड माल एका ठिकाणी जास्त झाला की वजनाकडंही बघावं लागतं. पाटे खाली बसलेली गाडी घाटात उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, शिवाय जादा वजन सापडलं तर कायद्यात २०,००० रुपयांपासून पुढं दंड आहे. एका दंडात अख्ख्या खेपेची बचत उडते.

दुसरं, आलाच नाही तर? हे सगळ्यात मोठं दुखणं. आदल्या दिवशी म्हणायचं तीस कॅरेट आणतो, आणि रात्री नारायणगावला टोमॅटोचा भाव चढला की माल तिकडं वळवायचा. गाडीत तीस कॅरेटची जागा रिकामी, भाडं मात्र बाकीच्यांच्या डोक्यावर. हे करणारा माणूस वाईट नसतो. त्याचा हिशोब त्याच्यापुरता बरोबरच असतो. पण अशानं गट मोडतात. महाराष्ट्रातले कितीतरी गट अशाच एका रात्रीत मोडलेले असणार आणि अहवालात कारण लिहिलं जातं "समन्वयाचा अभाव". आमचा नियम: आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत आकडा सांगायचा, त्यानंतर माल येवो न येवो, त्या जागेचं भाडं लागू. जास्त भाव मिळाला म्हणून वळवलास? छान, मिळालेल्या फरकातून जागेचं भाडं दे. दूध घालणारा कधी म्हणतो का, आज गावात गिऱ्हाईक चांगलं मिळालं म्हणून टँकरला घालत नाही? म्हणतो कधी कधी, पण मग डेअरीवाला त्याचं खातं बघतोच.

तिसरं, माल खराब झाला तर कुणाचा? चेपला असेल तर भरणाऱ्याचा दोष, म्हणजे सगळ्यांचा, नुकसान वाटून. आतून सडका निघाला तर पिकवणाऱ्याचा. यात वाद झाला की फोटो. उतरवताना प्रत्येक ठिकाणी फोटो काढायचा ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. फोटोनं निम्मे वाद मिटतात. उरलेल्या निम्म्यांना चहा लागतो.

आता शहराकडं वळतो, कारण दोष एकट्या शेतकऱ्याच्या पदरात घालून मोकळं होणाऱ्यांतला मी नाही.

माझ्या गाडीला एका खेपेत तीन महानगरपालिका लागतात: कल्याण-डोंबिवली, ठाणे, मुंबई. पोलीस आयुक्तालयं दोन. जड वाहनांच्या बंदीच्या वेळा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली प्रत्येकानं आपापल्या काढायच्या. एका हद्दीत चालू वेळ, पुढच्या हद्दीत बंद. अशा बऱ्याच अधिसूचनांत भाजीपाला, दूध यांना सूट असते, हे मान्य. पण परत येताना त्याच गाडीत रिकामी कॅरेट असतात. रिकामं कॅरेट भाजीपाला आहे की नाही? गेल्या पावसाळ्यात आम्ही मोठी गाडी नेली होती तेव्हा एका चौकात आमच्या ड्रायव्हरला हाच प्रश्न विचारून सव्वा तास उभं केलं होतं. त्यानं कॅरेटच्या तळाला चिकटलेला कोबीचा पाला दाखवला. तो पुरावा मान्य झाला नाही.

शहरातल्या नियोजनवाल्यांना वाटतं, मोठी गाडी दिसली म्हणजे गर्दी झाली. मोठी बंद केली की गर्दी कमी. पण माल तर कमी होत नाही ना बाबा! लोक जेवायचे थांबत नाहीत. पाच टनांची एक गाडी बंद केली की तोच माल पाऊण टनाच्या छोट्या हत्तीत भरायला सात गाड्या लागतात. सात इंजिनं, सात ड्रायव्हर, सात जागा अडवणार. शिवाय एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यामुळं छोट्या गाड्या घेणं सोपं, भरून चालवायची सक्ती नाही. नियम असा करायला हवा की गाडी किती भरलेली आहे ते बघा, तिची लांबी बघू नका. भरलेल्या, अनेकांचा माल एकत्र आणणाऱ्या गाडीला वेळेची सवलत द्या. रिकाम्या फिरणाऱ्याला नको.

आणि उतरवायला जागा! अख्ख्या वॉर्डात पहाटे चार ते सातच्या दरम्यान एखादी गाडी उभी करून शंभर कॅरेट उतरवता येतील अशी एक जागा पाहिजे. मंडईमागचं आवार, शाळेचं मैदान, बंद पडलेल्या जकात नाक्याची मोकळी जागा, काहीही चालेल. सातला आम्ही झाडून देऊन निघून जाऊ. एका वॉर्ड ऑफिसात यासाठी गेलो होतो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही फेरीवाले का?" नाही म्हटलं. "मग दुकानदार?" नाही. "मग तुमचा अर्ज कुठल्या खात्यात घेऊ?" फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, दुकानांसाठी परवाना आहे. माल उतरवून निघून जाणाऱ्या माणसासाठी कागदावर खानाच नाही. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांच्या दुचाक्या मात्र त्यांच्या गोदामासमोरचा अर्धा रस्ता दिवसभर अडवून उभ्या असतात, त्यांचा खाना कुणी विचारत नाही.

जागा नसल्याचा खर्च किती? ठाण्यातल्या सोसायटीत जाणारी भेंडी बऱ्याचदा ठाण्यावरूनच पुढं वाशीला जाते, रात्री तिथं उतरते, विकली जाते, आणि पहाटे किरकोळवाल्याच्या टेंपोत बसून परत ठाण्याला येते. १९९६ ला भाजीबाजार भायखळ्याहून वाशीला नेला तेव्हा मुंबईची कोंडी कमी करायचा हेतू होता, तो त्या काळाला धरून होता. पण त्यानंतर ठाणे-घोडबंदर-कल्याण केवढं वाढलं! लोकसंख्या इकडं वाढली आणि माल अजून तिकडून फिरून येतो. दर फेऱ्याला हमाली, वाराई, भाडं. वाराईवर माझा राग नाही, हे मुद्दाम लिहितो. ती कष्टाची मजुरी आहे, १९६९ च्या माथाडी कायद्यामागं मोठा लढा आहे, आणि माथाड्यांत आपल्याच घाटावरची माणसं आहेत. राग याचा आहे की तेच कॅरेट तीनदा उचलावं लागतं.

किसान रेल आठवते का? ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली सुटली. किमान इतका माल पाहिजे अशी अट नव्हती, एकाच गाडीत वेगवेगळ्यांचा वेगवेगळा माल, भाड्यात पन्नास टक्के अनुदान. त्याच वर्षी डिसेंबरात सांगोल्याहून शंभरावी गाडी सुटली. डाळिंबवाल्यांना विचारा, अर्ध्या डब्याची जागा मिळण्याची किंमत काय असते. म्हणजे सरकारला हे तत्त्व कळत नाही असं नाही. हजार-दीड हजार किलोमीटरसाठी कळतं. शेवटच्या तीस किलोमीटरसाठी कळत नाही. आणि किलोमागं खर्च बघाल तर ते शेवटचे तीसच जास्त महाग पडतात, कारण तिथं गाडी चालत नाही, उभी राहते.

आता कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना थोडं बोलतो, रागावू नका. तुम्ही एकरी उत्पादन मोजता. गाडीमागं कॅरेट कुणी मोजत नाही. शेतीशाळेत लागवडीचं अंतर, खतांची मात्रा, कीड-रोग सगळं शिकवलं जातं, पण दहा शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात फ्लॉवर लावला तर तो एकाच आठवड्यात निघणार आणि गाडी एकदा फुटेस्तोवर भरणार, पुढचे तीन आठवडे रिकामी जाणार, हे कोण सांगणार? आम्ही यंदा लागवड दहा-दहा दिवसांच्या टप्प्यानं केली. गाडीचं वेळापत्रक आधी ठरवलं, मग नर्सरीत ट्रे भरले. फ्लॉवरच्या जोडीला काकडी, भेंडी, पालेभाजी असं वाटून घेतलं. उत्पादन किती वाढलं विचाराल तर फारसं नाही. पण गाडी पंचावन्न कॅरेटच्या खाली क्वचित गेली. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांनी शीतगृहाआधी हा एक रकाना टाकावा: गाडी किती भरून जाणार? शीतगृह बांधून कुलूप लावलेलं मी दोन ठिकाणी बघितलंय.

एक आक्षेप मात्र मनाला लागतो, तो लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. चार पिकअपच्या दोन केल्या, तर उरलेल्या दोन पोरांनी काय करायचं? त्या पिकअप कुणा कंपनीच्या नाहीत. आपल्याच भावकीतल्या पोरांनी हप्त्यावर घेतल्यात. महिन्याची पाच तारीख आली की त्यांच्या घरात बोलणं बंद होतं, हे मला माहितीय. आमच्या एका बैठकीत एका ड्रायव्हरच्या आईनंच विचारलं, "तुमचे पैसे वाचतील, माझ्या पोराच्या गाडीचं काय?" बैठक शांत झाली.

यावर आम्ही जे केलं ते सांगतो, पटलं तर घ्या. आधी चारही गाड्या बुधवार-शनिवार एकाच दिवशी पळायच्या आणि बाकी दिवस झाडाखाली उभ्या. आता मंगळवार-बुधवार आणि शुक्रवार-शनिवार अशा पाळीनं दोन-दोन गाड्या जातात. पहिल्या चौघांचा माल ठरलेल्या दिवशी, बाकी तिघा नव्या सभासदांचा दुसऱ्या दिवशी असं न करता सगळ्यांचाच माल थोडा थोडा चारही दिवस जातो. शहरातल्या बायकांना ताजी भाजी चारदा मिळते, त्यामुळं मागणीही वाढली. गाडीमागं भाडं पाचशे रुपये जास्त ठरवलं, कारण भरलेली गाडी घाटात जास्त डिझेल खाते, टायर खाते. तरी कॅरेटला १४० च्या आत बसतं.

आणि परतीचा माल. आपण जायचं भाडं देतो असं म्हणतो, पण देतो दोन्ही बाजूंचं. येताना गाडी रिकामी. कल्याणच्या पलीकडं भिवंडीत गोदामांचं जंगल आहे, आळेफाटा-ओतूर-जुन्नरच्या दुकानदारांचा किराणा, हार्डवेअर, पॅकिंगचे खोके तिकडूनच येतात, वेगळ्या गाड्यांनी. आमच्या पोरांनी दोन दुकानदार धरले. दर खेपेला हजार-बाराशे सुटतात, ते पूर्ण गाडीवाल्याचे, गटाचे नाहीत. ज्याला गाडी चालवायचीय त्याचं पोट भरलं तरच तो पहाटे अडीचला वेळेवर येतो. एक सूचना: कीटकनाशकाचे खोके परतीला घेऊ नका, कितीही भाडं मिळालं तरी. उद्या त्याच हौद्यात मेथी जाणार आहे.

त्या माउलीचं समाधान पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही. तिच्या पोराच्या खेपा महिन्याला दोनेक कमी झाल्या, भरलेली गाडी आणि परतीचं भाडं धरून कमाई थोडी वर गेली. पण शेजारच्या वाडीतले तिघं अजून स्वतंत्र गाडी काढतात, त्यांचे ड्रायव्हर मला रस्त्यात टाळतात. त्यांना वाटतं आता आपला नंबर. त्यांच्या पोटावर पाय देऊन मला किलोमागं सहा रुपये वाचवायचे नाहीत. म्हणून म्हणतो, गट करायचा तर गाडीवाल्यासकट करा. त्याला भाड्याचा माणूस म्हणून बाहेर उभा करू नका, सभासद करा, बैठकीत बसवा. शहरातला रस्ता, गेट, वॉचमन, कुठल्या सोसायटीत लिफ्ट बंद असते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

ज्यांना वाटतं हे सगळं एखादं ॲप करेल, त्यांना माझा विरोध नाही. ॲपवर आकडा टाका, व्हॉट्सॲपवर टाका, नाहीतर शाळेच्या वहीत लिहा. पण संध्याकाळी सहाला शब्द देऊन रात्री दहाला फिरवणाऱ्याकडून जागेचं भाडं वसूल करायला समोर माणूसच जाऊन बसावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा त्याचा चुलता नाहीतर मेव्हणा असतो. तिथंच खरी कसोटी आहे. गेल्या महिन्यात आम्ही एकाकडून १,९६० रुपये असेच घेतले, चौदा कॅरेटचे. त्यानं दिले, शिव्या घालून दिले, आणि पुढच्या खेपेला सव्वापाचलाच आकडा कळवला.

सध्या आमच्याकडं मुलुंडच्या गाडीत पंधरा-वीस कॅरेटची जागा आहे. ओतूर, डिंगोरे, पिंपळगाव जोगा या पट्ट्यातल्या कुणाचा माल त्या बाजूला जात असेल तर संध्याकाळी सहाच्या आत सांगा. कॅरेट एकाच मापाचं पाहिजे. वॉर्ड ऑफिसातला अर्ज शेवटी आवक-जावक विभागात दिलाय, शिक्का मारून पोच घेतलीय, पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. ठाणे-मुलुंडकडं राहणारे कुणी आपल्या गावचे असतील आणि सकाळच्या वेळी रिकामं राहणारं एखादं आवार माहीत असेल तर तेही सांगा, अर्जात पत्ता घालावा लागतो.